एक्स्पान्शन चेंबर आणि सायलेन्सर: जुन्या टू-स्ट्रोक गाडीच्या एक्झॉस्टमधले दोन वेगळे भाग

टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या सिलिंडरपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या संपूर्ण नळीला आपण सरसकट ‘सायलेन्सर’ म्हणतो, आणि जुन्या गाडीला बाहेरचा एक्झॉस्ट बसवताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका या एका शब्दापासून सुरू होतात. त्या नळीत दोन वेगवेगळी कामे करणारे दोन वेगवेगळे भाग असतात. पुढचा भाग म्हणजे एक्स्पान्शन चेंबर, आणि तो पिस्टन किंवा कार्बोरेटर यांच्याइतकाच इंजिनाचा भाग आहे. मागचा भाग म्हणजे खरा सायलेन्सर, ज्याचे काम आवाज कमी करण्यापुरते आहे. यांपैकी सायलेन्सर बदलला तर इंजिनाला त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. चेंबर बदलला तर मात्र इंजिनाचा स्वभावच बदलतो.

चेंबरला एवढे महत्त्व का आहे, हे टू-स्ट्रोक इंजिनाच्या रचनेतून कळते. या इंजिनात फोर-स्ट्रोकसारख्या वर-खाली होणाऱ्या एक्झॉस्ट झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत ठेवलेली भोके, म्हणजे पोर्ट, पिस्टन स्वतःच उघडतो आणि झाकतो. पिस्टन खाली येताना आधी धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट पोर्ट उघडतो आणि मग मिश्रण आत आणणारे ट्रान्स्फर पोर्ट. वर जाताना आधी ट्रान्स्फर पोर्ट बंद होतात आणि एक्झॉस्ट पोर्ट त्यानंतरही थोडा वेळ उघडाच राहतो. म्हणजे ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण आत आल्यावर त्याला बाहेर पळून जायला वाट मोकळी असते. ही वाट कोणत्याही झडपेने बंद होत नाही. ती बंद करण्याचे काम दाबाच्या लहरीकडून करून घ्यावे लागते, आणि ती लहर योग्य क्षणी परत पाठवणे हेच चेंबरचे काम आहे.

एक्झॉस्ट पोर्ट उघडताच जळालेल्या वायूच्या दाबाची एक लहर बेंड पाइपमधून, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या वाकड्या नळीतून, पुढे धावते. पाइप जिथे शंकूसारखा रुंदावू लागतो, तिथून या लहरीचा काही अंश उलटा होऊन, म्हणजे ओढ निर्माण करणारी लहर होऊन, पोर्टाकडे परततो. ती ओढ पिस्टन तळाशी असताना पोहोचली तर उरलेला धूर सिलिंडरबाहेर खेचला जातो आणि ट्रान्स्फर पोर्टांतून ताजे मिश्रण अधिक जोमाने वर येते. त्यातले थोडे तर बेंड पाइपमध्येही शिरते. मूळ लहर मात्र चेंबरचे पोट ओलांडून मागच्या निमुळत्या शंकूवर आदळते आणि तिथून दाबाचीच लहर होऊन परत येते. एक्झॉस्ट पोर्ट बंद होण्याच्या अगदी आधी ती पोहोचली, तर बेंड पाइपमध्ये गेलेले मिश्रण ती पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. आधी ओढायचे आणि मग ढकलायचे, ही दोन कामे एकही हलता भाग नसलेली पत्र्याची नळी करते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

हे सगळे वेळेवर अवलंबून असल्यामुळे नळीची लांबी ठरवून द्यावी लागते. समजा एक्झॉस्ट पोर्ट एका फेऱ्यात १८० अंश उघडा राहतो आणि आपल्याला ८,००० आरपीएमला जोर हवा आहे. त्या वेगाला एक फेरा ७.५ मिलिसेकंदांत होतो, म्हणजे पोर्ट ३.७५ मिलिसेकंद उघडा असतो. गरम धुरात लहरीचा वेग सेकंदाला साधारण ५१० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात ती सुमारे १.९ मीटर अंतर कापते. जाऊन परत यायचे असल्याने पिस्टनपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ९५ सेंटिमीटर हवे. तोच जोर ६,००० आरपीएमला हवा असेल तर हे अंतर सव्वा मीटरच्या पुढे जाते. शर्यतीच्या गाडीसाठी बनवलेला आखूड चेंबर रस्त्यावरच्या गाडीला बसवला की खालच्या वेगात ती मरगळलेली का वाटते, याचे उत्तर या हिशेबात आहे: तिथे लहर फार लवकर परतते आणि मदत करण्याऐवजी आड येते.

हे शास्त्र कसाला लावले ते पूर्व जर्मनीतल्या चोपाउ इथे एमझेड कंपनीत काम करणाऱ्या वाल्टर काडेन या अभियंत्याने. १९५०च्या दशकात त्याने चेंबर, पोर्ट आणि मिश्रण आत घेण्याची वाट उघडझाप करणारी फिरती चकती यांचा मेळ घालत नेला, आणि १९६१पर्यंत त्याचे १२५ सीसीचे इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती देऊ लागले होते. त्याच वर्षी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निघून गेला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. १९६२चे ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद त्याने सुझुकीच्या गाडीवर मिळवले. या ज्ञानाला किती मोल होते, हे त्यावरून लक्षात येते.

याउलट सायलेन्सरचे काम साधे आहे. भोके पाडलेली एक नळी, तिच्याभोवती ग्लासवुलसारखे तंतुमय पॅकिंग आणि त्यावर बाहेरचे कवच, अशी त्याची नेहमीची रचना असते. आवाजाच्या लहरी भोकांतून पॅकिंगमध्ये शिरतात आणि तिथे त्यांच्या ऊर्जेची उष्णता होते. त्याची लांबी थोडी कमी-जास्त झाली तर आवाज बदलतो, पण चेंबरच्या लांबीसारखा तिचा इंजिनाच्या वेळापत्रकाशी संबंध नसतो. त्याच्याबाबतीत एकच अट कसोशीने पाळावी लागते: आतल्या नळीचा व्यास स्टिंगरच्या व्यासापेक्षा कमी असता कामा नये.

स्टिंगर म्हणजे चेंबर संपल्यावर लागणारी बारीक नळी, आणि सर्वांत जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. ती दिसते अडथळ्यासारखी, पण चेंबरमध्ये योग्य तेवढा दाब टिकवून धरणे हे तिचे काम आहे. अनुभवी ट्यूनर तिचा व्यास बेंड पाइपच्या साधारण साठ टक्के धरतात; बेंड पाइप ३८ मिलिमीटरचा असेल तर स्टिंगर २२ ते २४ मिलिमीटरचा. तो मोठा केला तर दाब निसटतो आणि जोर उतरतो. तो लहान झाला, मग बनवणाऱ्याच्या चुकीने असो वा काजळी साचल्याने, तर धूर आणि उष्णता मागे कोंडतात, पिस्टनचा माथा तापतो आणि शेवटी पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो, किंवा त्याला भोक पडते.

दोन भागांची गल्लत होण्याचे मुख्य कारण जुन्या गाड्यांच्या मूळ एक्झॉस्टमध्येच आहे. कारखान्यातून आलेली नळी बाहेरून एकसंध, लांबट आणि क्रोमची असते. पुढचे शंकू, मधले पडदे आणि शेवटी एका बोल्टने अडकवलेली जाळी हे सारे त्या एकाच कवचाखाली दडलेले असते. अनेक गाड्यांत ही जाळी स्टिंगरचे आणि सायलेन्सरचे अशी दोन्ही कामे करते. त्यामुळे ‘जाळी काढली की गाडी मोकळी होते’ हा समज घातक ठरतो. फोर-स्ट्रोकमध्ये वाट मोकळी केल्याने काही फायदा होऊ शकतो. इथे मात्र जाळीबरोबर आवाजाचा बंदोबस्त जातो आणि चेंबरमधला दाबही जातो. आवाज वाढल्यामुळे वेग वाढल्याचा भास होतो, पण ज्या चढावर गाडी आधी वरच्या गिअरमध्ये जात होती तिथे आता गिअर उतरवावा लागला, की खरा प्रकार उघड होतो. याच कारणाने फोर-स्ट्रोकचा रुंद, सरळ सायलेन्सर टू-स्ट्रोकच्या बेंड पाइपला जोडणे मला पूर्णपणे चुकीचे वाटते, कारण त्यात शंकूही नसतात आणि स्टिंगरही नसतो.

बसवण्याच्या कामातही हा फरक दिसतो. चेंबर तोच ठेवून फक्त मागचा सायलेन्सर बदलायचा असेल, तर व्यास जुळवणे, पॅकिंग घट्ट भरणे आणि रबरी माउंटिंग नीट लावणे एवढे सहसा पुरते. चेंबर बदलल्यावर मात्र मेन जेटपासून, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकापासून, तपासणी करावी लागते. नवा चेंबर इंजिनात जास्त मिश्रण भरू लागला की जुना जेट पुरत नाही. हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी स्थिती होते, आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्या गाडीत पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. म्हणून सुरुवात मुद्दाम मोठ्या जेटने करावी आणि मग एकेक पायरी खाली यावे. मोकळ्या, सुरक्षित जागी नवा प्लग लावून गाडी पूर्ण थ्रॉटलवर चालवावी, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. पांढरट प्लग धोक्याची सूचना देतो, काळा व ओला प्लग जेट मोठा असल्याचे सांगतो, आणि फिकट तपकिरी रंग अपेक्षित असतो. इग्निशन टायमिंग मूळ मापावर आहे ना, हे या चाचणीआधीच पाहून घ्यावे, नाहीतर प्लगचा रंग दिशाभूल करतो.

सिलिंडरजवळच्या जोडात नवे गॅस्केट घालावे. जोड स्प्रिंगने धरलेला असेल तर चेंबर ओढूनताणून माउंटिंगवर आणू नये. ताणलेला पत्रा कंपनामुळे वेल्डिंगपाशी तडकतो. जोडापाशी काळे ऑइल झिरपू लागले तर तिथून लहरीचा दाबही गळत असतो.

पुढे गाडी वापरात असताना कोणता भाग बिघडला आहे, हे लक्षणांवरून ओळखता येते. जोर तसाच असून आवाज हळूहळू कर्कश होत गेला, तर सायलेन्सरचे पॅकिंग ऑइलने भिजले किंवा उडून गेले आहे आणि ते बदलायला हवे. आवाज उलट दबका होत गेला आणि वरच्या वेगातला जोर कमी झाला, तर स्टिंगर किंवा जाळी काजळीने बुजली आहे. अशा वेळी पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजून सिलिंडर उघडण्याआधी जाळी काढून साफ करावी आणि ती परत आपल्या जागी बसवावी.