बेळगाव सीमाभागातील लोकसेवा शिष्यवृत्त्या

प्रशासन, न्यायसंस्था, शिक्षण, पोलीस, सैन्य किंवा समाजकार्य या वाटेने जाऊ पाहणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळणारे अर्थसाहाय्य म्हणजे लोकसेवा शिष्यवृत्ती. अमेरिकेत १९७५ साली कायद्याने सुरू झालेली ट्रूमन शिष्यवृत्ती थेट याच हेतूची आहे. ती घेणाऱ्याला पुढे ठरावीक वर्षे लोकसेवेत काढावी लागतात. भारतात असा हेतू नावातच सांगणारी योजना क्वचित सापडते. गुणवत्ता, उत्पन्न, जात आणि रहिवास या निकषांवर मिळणारा पैसा साठवून विद्यार्थी आपापली वाट धरतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात फीचा परतावा, वसतिगृहाचा भत्ता आणि प्रशिक्षणकाळातले विद्यावेतन या सगळ्यांना मिळून ‘स्कॉलरशिप’ म्हणतात. कन्नडमध्ये तिला ‘विद्यार्थिवेतन’ असा शब्द आहे. मराठी कानाला तो पगारासारखा वाटतो.

या भागाची अडचण वेगळी आहे. इथे पैसा रहिवासाच्या दाखल्यावर मिळतो आणि स्पर्धा परीक्षा भाषेतून द्यायची असते. मराठी विद्यार्थ्याचा रहिवास कर्नाटकात आहे, तर त्याची भाषा शेजारच्या महाराष्ट्राची राजभाषा आहे.

सरकारी योजना येण्याआधी घरचे लोक आणि संस्थानिक हा भार उचलत. निपाणीला लागून असलेल्या कागलात गोपाळ कृष्ण गोखले यांचे थोरले बंधू दरमहा १५ रुपयांवर नोकरी करत आणि त्यातले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवत. त्याच गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापून लोकसेवेसाठी माणसे घडवण्याचे काम हाती घेतले. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. सेवेच्या अटीवर दिलेल्या शिष्यवृत्तीचे सर्वांत ठळक उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षांकरिता मंजूर केले आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. १९१७ साली बाबासाहेब बडोद्यात रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा कोणी देईना. काही दिवसांतच त्यांना नोकरी सोडून निघावे लागले. करार मोडल्याची चर्चा करणारे ही जागेची गोष्ट बहुधा सांगत नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. याच जिल्ह्याचा चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यातच राहिला. महाराष्ट्राचा ८६५ गावांवरचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. विद्यार्थ्याला या वादाची गाठ पडते ती अर्ज भरताना.

कर्नाटकातील अर्ज ‘एसएसपी’ या राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. त्याआधी नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. दाखल्यावरच्या ‘आरडी नंबर’शिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही खात्यात पडत नाही. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना खोली आणि जेवणासाठी ‘विद्यासिरी’ योजनेतून मदत मिळते. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ साली रयत विद्यानिधी सुरू झाला. त्यात बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या मुलाला वर्षाला ५,००० आणि मुलीला ५,५०० रुपये, तर वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि पदव्युत्तर शिक्षणाला मुलाला १०,००० आणि मुलीला ११,००० असे दर ठरले. पुढे शेतमजूर आणि विणकर कुटुंबांनाही त्यात घेतले गेले. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या मागवाल्यांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता. शेतकऱ्याची ओळख मात्र कर्नाटकाच्या ‘फ्रूट्स’ नोंदणीवरून पटते. ज्याचे घर बेळगाव तालुक्यात आणि शेत चंदगडात, त्याचा उतारा तिथे चालत नाही.

अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ही सीमारेषा निराळे काम करते. तिचा पैसा विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी असतो ते राज्य देते, महाविद्यालय कुठेही असो. खानापूरचा मुलगा पुण्यात शिकत असला तरी त्याची शिष्यवृत्ती कर्नाटकाकडूनच येते. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे.

केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीत बारावीच्या बोर्डातल्या वरच्या २० टक्क्यांत यावे लागते आणि कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे लागते. पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तर वर्गात २०,००० रुपये मिळतात. संख्या राज्यवार ठरलेली असते, त्यामुळे बेळगावात पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली बारावी, केलेला विद्यार्थी कर्नाटकाच्या वाट्यातून स्पर्धा करतो आणि निपाणीहून कोल्हापूरला जाऊन बारावी केलेला महाराष्ट्राच्या. विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांना ३:२:१ असे प्रमाण आहे. इतिहास, राज्यशास्त्र घेऊन स्पर्धा परीक्षेकडे वळणारी मुले ज्या शाखेत जास्त, तिचाच वाटा सर्वांत लहान. हे प्रमाण बदलायला हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘अल्पसंख्याक’ या शब्दावरून इथे हमखास घोटाळा होतो. कर्नाटकात मराठी ही भाषिक अल्पसंख्याकांची भाषा आहे, पण केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या धार्मिक अल्पसंख्याकांसाठी आहेत. त्यामुळे मराठी बोलणाऱ्या हिंदू विद्यार्थ्याचा अर्ज त्यात बसत नाही. निपाणी-चिकोडीकडच्या जैन विद्यार्थ्याचा बसतो, कारण जैनांना जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले गेले. मराठा समाजाची तऱ्हा तिसरीच आहे. कर्नाटकाच्या मागासवर्गांच्या यादीत तो ‘३ ब’ गटात येतो, तर महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्याने त्याला स्वतंत्र १० टक्के आरक्षण दिले आहे. एकाच भावकीतल्या दोन चुलत भावंडांचे दाखले त्यामुळे वेगवेगळे निघतात.

पदवीनंतर प्रश्न भाषेचा होतो. कर्नाटकच्या राज्य सेवा परीक्षेत कन्नडची अनिवार्य पात्रता-परीक्षा असते आणि मुख्य परीक्षा कन्नड किंवा इंग्रजीतून द्यावी लागते. मराठी शाळेत शिकलेल्यांना ही चढण अवघड जाते, तरी लहानपणापासून बाजारात, बसमध्ये कन्नड बोलणारी मुले ती चढतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा १९७९ पासून भारतीय भाषांतून देता येते. मराठीतून उत्तरे लिहिता येतात, मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो, आणि या परीक्षेत सीमावादाचा संबंध येत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि मागासवर्गीय उमेदवारांना तिच्या तयारीसाठी कर्नाटक सरकार निवड परीक्षा घेऊन मोफत शिकवणी आणि विद्यावेतन देते. कायद्याच्या पदवीधरांना वकिलीच्या प्रशिक्षणकाळात मिळणारे विद्यावेतनही याच प्रकारचे. बेळगावचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून चालू असल्याने वकिलीची वाट इथे जुनी आहे. भारताचे माजी सरन्यायाधीश ई. एस. वेंकटरामय्या इथेही शिकले होते.

महाराष्ट्राची शासकीय नोकरी ही दुसरी दिशा. सामान्य प्रशासन विभागाच्या १० जुलै २००८ च्या शासन निर्णयानुसार दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठीभाषक उमेदवार इतर अटी पूर्ण करत असतील, तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातील दाखला जोडून अर्ज करू शकतात. महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशातही सीमाभागासाठी वेगळी वर्गवारी आहे. अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठी अनुक्रमे काम करणाऱ्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांचे प्रशिक्षण मात्र मुळात महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी योजलेले आहे. नोकरीचा अर्ज एका राज्यात आणि तयारीचा पैसा दुसऱ्या राज्यात, ही ओढाताण इथूनच येते.

सैन्याची गोष्ट निराळी. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात असल्याने माजी सैनिकांची घरे या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांच्या मुलांसाठी केंद्रीय सैनिक मंडळामार्फत पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते: मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. तिच्यात भाषा आणि जात विचारली जात नाही. बारावीला किमान ६० टक्के गुण लागतात आणि अभ्यासक्रम व्यावसायिक असावा लागतो. अभियांत्रिकी, वैद्यकीय, बी.एड. चालते; साधे बी.ए. करत लोकसेवेची तयारी करणाऱ्या सुभेदाराच्या मुलीला ती मिळत नाही.