संथ पाण्याचे मजले आणि तीन माश्यांचा गळ

मराठवाड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट अंगाने ठाऊक असते. वैशाखातल्या दुपारी छातीपर्यंतचे पाणी कोमट लागते, पण तळाकडे सूर मारला की परस-दीड परस खोलीवर एकाएकी असा गारवा झोंबतो की जणू आपण दुसऱ्याच विहिरीत शिरलो. हा बदल हळूहळू होत नाही, तर वीतभर अंतरात होतो. उन्हाने तापलेले पाणी हलके असल्यामुळे वर तरंगत राहते, वारा फक्त त्या वरच्या थरालाच ढवळू शकतो आणि खालचे जड, गार पाणी आपल्या जागी पडून राहते. या दोहोंमधल्या पातळ सीमेला थर्मोक्लाइन म्हणतात. वरून एकसंध दिसणारे संथ पाणी आतून असे मजल्यामजल्यांचे असते, आणि ब्रिटन व आयर्लंडमधल्या सरोवरांवर एकाच दोरीला तीन कृत्रिम माश्या बांधून ट्राउट मासा पकडण्याची जी पद्धत रूढ आहे, ती या मजल्यांवरच उभी आहे.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. साधारण १० ते १६ अंश सेल्सियस तापमानात तो सुखात असतो. पाणी २५ अंशांकडे जाऊ लागले की त्याचा जीव धोक्यात येतो. १० अंशांच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. पाणी तापते तशी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते, म्हणजे पुरवठा आणि मागणी दोन्हीकडून कोंडी होते. त्यामुळे आपल्या नाथसागरात ट्राउट जगणार नाही. भारतात तो काश्मीर आणि निलगिरीच्या उंचीवर, तोही इंग्रजी अमदानीत आणून सोडलेला सापडतो. थंड देशांतल्या सरोवरांतही भर उन्हाळ्यात त्याची अडचण होते. वरचा थर उबदार होतो आणि तळाशी कुजणाऱ्या गाळामुळे प्राणवायू संपत जातो, म्हणून तो बहुधा मधल्या मजल्यावर उतरतो.

नदीत ट्राउट एका दगडाच्या आडोशाला थांबतो आणि प्रवाह त्याच्या तोंडापर्यंत अन्न आणून देतो. सरोवरात प्रवाह नसल्यामुळे त्याला अन्नामागे हिंडावे लागते. नदीवर ‘मासा कोठे उभा आहे’ हे पाहायचे असते, तर सरोवरावर ‘आत्ता तो किती खोल आहे’ हे शोधायचे असते, आणि दुसरा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो, कारण पृष्ठभागावरून खोली दिसत नाही. या पद्धतीतल्या गळावर आमिष नसते. पिसे, केस आणि दोरा गुंडाळून बनवलेली माशी असते. ती जवळजवळ वजनरहित असल्याने फेकली जात नाही. जाड दोरीचेच वजन तिला पुढे नेते. या जाड दोरीच्या टोकाला पाच-सहा मीटर लांबीचा बारीक, पारदर्शक धागा असतो. त्याच्या शेवटी एक माशी आणि वाटेत दीड-दोन मीटरवर काढलेल्या दोन आखूड फाट्यांवर एकेक माशी बांधतात. शेवटची जड असेल तर खाली जाते, मधली अधांतरी राहते, वरची पृष्ठभागाजवळ फिरते. एकाच फेकीत तीन मजल्यांची दारे ठोठावली जातात.

तीन माश्या तीन प्रकारच्या का, याचे उत्तर एका किड्याच्या आयुष्यात आहे. धरणाकाठच्या गावांत संध्याकाळी दिव्याभोवती डासांसारखी दिसणारी चिलटे जमतात. भिंतीवर बसलेले एक नीट पाहावे: डासाची लांब सोंड त्याला नसते, नराच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार असतात, आणि डास बसताना मागचे पाय उचलतो तर हे पुढचे उचलून धरते. हे कायरोनोमिड, ते चावत नाही. त्याची अळी तळाच्या चिखलात राहते आणि तेथे प्राणवायू अगदी कमी असल्यामुळे अनेक जातींच्या अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या रक्तासारख्या लाल दिसतात. अळीचा कोश झाला की त्याच्या त्वचेखाली वायू साठतो, तो चांदीसारखा चमकतो आणि वळवळत, थांबत, सावकाश वर येऊ लागतो. पृष्ठभागाच्या ताणलेल्या पडद्याखाली तो काही वेळ लटकतो, पाठ उकलते आणि चिलट उडून जाते. तळ, मध्य आणि पृष्ठ अशा तिन्ही ठिकाणी ट्राउट त्याला गिळत असतो. म्हणून खाली लाल अळीसारखी, मध्ये सडपातळ काळ्या कोशासारखी आणि वर झुबकेदार माशी बांधणे हे त्या किड्याचा सगळा प्रवास एका धाग्यावर मांडणेच होय.

दुसरे अन्न म्हणजे डॅफ्निया ही इवलीशी जलपिसू. ती लख्ख उन्हात खोल जाते आणि ढगाळ हवेत किंवा रात्री वर येते. तिच्यामागे ट्राउटही वरखाली करतो. आपल्याकडे शेततळ्यात मत्स्यशेती करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. कटला वरच्या थरात, रोहू मध्ये आणि मृगळ तळाशी चरतो, म्हणून तिघांना एकत्र सोडले तरी त्यांच्यात फारशी स्पर्धा होत नाही, हे गणित ते रोज वापरतात. फरक इतकाच की ट्राउट हा एकच मासा दिवसभरात तिन्ही मजले बदलतो.

खोली मोजायला साधन लागत नाही, आकडे मोजता आले की पुरते. दर सेकंदाला साडेसात सेंटिमीटर बुडणारी दोरी असेल तर २० आकडे मोजल्यावर ती सुमारे दीड मीटरवर असते. मासा १५ ला लागला की पुढच्या फेकीला पुन्हा १५ च मोजायचे. पहिला मासा कोणत्या फाट्यावरच्या माशीला लागला, हे त्याच्या वजनापेक्षा महत्त्वाचे असते, कारण त्यावरून पुढची सगळी मांडणी बदलता येते. मासे वरच्या थरात असतील तर शेवटी फोमचे डोळे असलेली तरंगती माशी बांधून मधल्या दोघींना तिच्या आणि बुडत्या दोरीच्या दरम्यान टांगतात. वलणीवर कपडे वाळत घालावेत तशी ही रचना दिसते आणि इंग्रज तिला त्याच अर्थाचे नाव देतात. दोरी ओढत आणून शेवटी माश्या पृष्ठभागाजवळ क्षणभर निश्चल धरल्या की मागोमाग आलेला ट्राउट बहुधा तेव्हाच झडप घालतो, कारण वर येऊन थबकणारा कोश त्याच्या ओळखीचा असतो.

वाऱ्याचाही यात वाटा आहे. पैठणला धरणाच्या भिंतीवरून नाथसागराकडे पाहिले, तर वारा असताना पाण्यावर वाऱ्याच्या दिशेने गेलेले फेसाचे समांतर पट्टे कधीकधी दिसतात. अर्विंग लँगम्युर या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना समुद्रशेवाळाच्या अशाच ओळी पाहिल्या आणि १९३८ मध्ये त्यांचे स्पष्टीकरण मांडले: वाऱ्यामुळे पाण्यात लांबट, आडवे भोवरे तयार होतात, शेजारचे दोन भोवरे जेथे एकमेकांकडे वाहून खाली उतरतात तेथे तरंगणारे सर्व काही गोळा होते. स्कॉटलंडच्या लॉख लेव्हनवर किंवा जायकवाडीच्याच दशकात बांधलेल्या इंग्लंडमधल्या रटलंड वॉटरवर नाव वाऱ्याला आडवी सोडून मासेमार अशा पट्ट्यांवर नजर ठेवतात. तेथे पडलेले किडे एका रांगेत अडकलेले असतात आणि ट्राउट त्या रांगेने वाऱ्याच्या उलट दिशेने टिपत येतो. अशा वेळी खालच्या दोन माश्या आपल्या जागी राहू देऊन काठी वर उचलायची, म्हणजे सर्वांत वरची झुबकेदार माशी लाटांच्या शेंड्यांवरून ठिपके उमटवत चालू लागते.