चिनी स्कॅन पुन्हा टाइप करावे लागत नाहीत

‘चिनी लिपीत हजारो अक्षरं, त्यामुळे स्कॅनमधला मजकूर संगणकाला वाचता येत नाही’ हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. छापील चिनी अक्षरं ओळखण्याचं संशोधन आयबीएममध्ये १९६६ सालीच प्रसिद्ध झालं होतं. चीनच्या १९८० च्या संगणकासाठीच्या प्रमाण अक्षरसंचात ६,७६३ अक्षरं आहेत, पण प्रत्येक अक्षर आपल्या चौकोनात सुटं बसतं. आपल्या शिरोरेषेने जोडलेल्या जोडाक्षरांपेक्षा ते वेगळं काढणं सोपंच!

खरी अडचण दिसण्यातल्या साम्याची. ‘अजून नाही’ आणि ‘शेवट’ या अर्थांच्या दोन अक्षरांत फरक एवढाच, की दोन आडव्या रेघांपैकी लांब कोणती. पुसट स्कॅनमध्ये तीच रेघ हरवते. म्हणून ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सुलभ (सोपी केलेली) की पारंपरिक लिपी ते आधी निवडा आणि आकडे, नावं डोळ्यांनी तपासा.