पेट्रोल गाडीची इग्निशन कॉइल बदलण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

गाडी मिसिंग करू लागली (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने इंजिन अडखळू लागले) किंवा चेक इंजिनचा दिवा लागला की स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइलच गेली असे धरून चालणारे ग्राहक, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, आमच्या दुकानाच्या काउंटरवर पुष्कळ येतात. त्यांतील काहींना कॉइलची गरजच नसते.

गाडीतील दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर ‘पी०३०२’ हा कोड आला, तर त्याचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे एवढाच होतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्या सिलिंडरवर लावून पाहावी; कोड बदलून ‘पी०३०३’ झाला, तर दोष बहुधा कॉइलचा, आणि दुसऱ्यावरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) तपासावे लागते. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी फार पळवू नये, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवते, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग असतो.

कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टपासून २० ते ४० हजार व्होल्ट तयार करते. आतील केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे एकमेकांपासून वेगळे ठेवते ते तारेवरील वार्निश आणि त्याभोवती ओतलेले इपॉक्सी. हलक्या मालात नेमकी येथेच काटकसर होते. इपॉक्सीत हवेचे बुडबुडे राहिले, की तेथून आतल्या आत ठिणगी फुटू लागते. नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बॉनेटखालची उष्णता त्याहून बरीच अधिक असते. म्हणूनच सकाळी व्यवस्थित चालणारी गाडी दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलवर थांबल्यावर अडखळू लागते.

नवी कॉइल घेताना आकारावर जाऊ नये, जुन्या कॉइलवरील पार्ट नंबर जुळवावा. दोन पिनांची, तसेच आत इग्नायटर (कॉइलचा वीजप्रवाह चालू-बंद करणारे सर्किट) असलेली तीन किंवा चार पिनांची कॉइल बाहेरून सारखी दिसू शकते, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. इग्नायटर असलेल्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स (बॅटरीच्या बाजूच्या वेढ्यांचा विद्युतरोध) साध्या मीटरवर मोजून काही निष्कर्ष निघत नाही, हे मेकॅनिक मंडळींनीही कृपया लक्षात घ्यावे. खोक्यावरील छपाई पुसट असेल, बिल देण्यास टाळाटाळ होत असेल, किंवा नामांकित कंपनीचा माल निम्म्या किमतीत मिळत असेल, तर तो घेऊ नये.

झिजलेल्या प्लगचा गॅप (ठिणगी पडण्याची फट) वाढतो आणि ठिणगीसाठी कॉइलला अधिक व्होल्टेज द्यावे लागते. सीएनजीवर हा ताण आणखी वाढतो. त्यामुळे जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवणे आम्हांला पटत नाही. प्लगच्या विहिरीत ऑइल साचले असेल, तर आधी टॅपेट कव्हरचे (इंजिनच्या माथ्यावरील झाकणाचे) पॅकिंग बदलावे, अन्यथा नव्या कॉइलचा रबरी बूटही फुगून खराब होईल. मात्र एक कॉइल गेली म्हणून चारही बदलण्याचा आग्रह आम्ही धरत नाही, मग आमची विक्री कमी झाली तरी चालेल.

दुकानात येताना जुनी कॉइल आणि गाडीचे आरसी बुक सोबत आणावे.