फरशीखालची केबल कापायची नसते

60 चौरस मीटरच्या हॉलची फरशी विजेनं उबदार करायची आहे. जमिनीला टेकलेली कपाटं, ओटे यांच्याखाली केबल टाकत नाहीत, कारण तिथं उष्णता कोंडते आणि केबल जळू शकते. ती जागा वगळून 45 चौरस मीटर उरले. चौरस मीटरला 150 वॅट धरले, तर एकूण 6,750 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 29 अँपिअर. फरशीसाठीचे थर्मोस्टॅट सहसा 16 अँपिअरपर्यंतच झेपवतात. त्यामुळे एवढी जागा एकाच थर्मोस्टॅटवर थेट चालत नाही. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवता येतो, पण माझा कल सरळ तीन भाग करण्याकडे आहे. प्रत्येक भाग दहाएक अँपिअरचा, प्रत्येकाला स्वतःचा थर्मोस्टॅट आणि फरशीत स्वतःचा सेन्सर. एक भाग बंद पडला तरी बाकीचे दोन चालू राहतात, आणि खिडकीजवळच्या उन्हाच्या पट्ट्याला उगाच वीज जात नाही.

फरशी फार तापवायची नसतेच. खोलीत 20 अंश आणि फरशीला 29 अंश सेल्सिअस असलं, की चौरस मीटरमागे साधारण 100 वॅट उष्णता वर येते. त्यातली निम्मी किंवा थोडी अधिक अवरक्त किरणांतून थेट अंगाला आणि भिंतींना मिळते, उरलेली हवेला. माणसांचा वावर असतो त्या फरशीसाठी युरोपीय मानकानंही 29 अंशांचीच मर्यादा घातली आहे.

आता खरी मेख. केबल शेवटाला थोडी उरली, की ती छाटून टाकायचा मोह होतो. 60 मीटरची, 600 वॅटची केबल घ्या. तिचा रोध सुमारे 88 ओहम असतो आणि दर मीटरला ती 10 वॅट देते. तिची लांबी निम्मी केली तर रोध 44 ओहम होतो, प्रवाह दुप्पट होतो आणि केबल 1,200 वॅट ओढू लागते. तेही 30 मीटरमध्ये, म्हणजे मीटरला 40 वॅट. चौपट! आवरण वितळायला एवढं पुरेसं आहे. म्हणून आधी मोजमाप, मग खरेदी, आणि खरेदी करताना जागेपेक्षा किंचित लहान मॅट, म्हणजे जाळीवर बसवलेली तयार केबल. मॅटची जाळी कापून वळवता येते, केबल नाही. केबलच्या दोन ओळी एकमेकींवर चढता कामा नयेत, तिथंही केबल जास्त तापते.

खाली इन्सुलेशनचे बोर्ड टाकण्यात काटकसर करू नये. पॉलिस्टायरीनमधून उष्णता काँक्रीटच्या साधारण चाळिसाव्या हिश्शानंच वाहते. बोर्ड नसेल तर आपण खालचा स्लॅब तापवत बसतो. बोर्डावर पाच सेंटिमीटर काँक्रीट असेल, तर चौरस मीटरला 150 वॅटनं ते 10 अंश तापायला काहीच वाया न जाता जवळपास दोन तास लागतात. प्रत्यक्षात जास्तच. टायमर त्या हिशोबानं आधी लावावा लागतो. केबल बोर्डावर टाइलच्या चिकट मसाल्यात बसवली, तर फरशी बरीच लवकर तापते.

दहा मीटर लांब फरशी 10 अंशांनी तापली की साधारण एक मिलिमीटर वाढते. तिला जागा मिळावी म्हणून सांधे सोडतात. केबलची ओळ या सांध्यावरून नेऊ नये. विभाग पाडताना सांध्याची रेघ हीच हद्द धरली, तर दोन्ही कामं साधतात.

विजेच्या एका युनिटमधून इथे एकाच युनिटची उष्णता मिळते, हीट पंप बाहेरची उष्णता आत ओढून आणतो, म्हणून साधारण तिप्पट देतो. त्यामुळे अख्खं घर रोज दिवसभर गरम ठेवायचं असेल, तर हीट पंप आणि फरशीखाली पाण्याच्या नळ्या हाच पर्याय मला योग्य वाटतो. काही तासच वापर असेल किंवा फरशीची जाडी वाढवायला वाव नसेल, तिथं केबल.

केबलचा रोध मल्टिमीटरनं तीनदा मोजायचा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल बसल्यावर. केबल बिघडायला गवंड्याच्या करणीचा एक निसटता घाव पुरतो, म्हणून आवरणाची मेगर चाचणीही करायची, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन आवरणातून वीज गळते का ते पाहायचं. साधी वायर आणि तापणारी केबल जिथं जोडलेली असते तो जाडसर सांधा पूर्ण मसाल्यात बुडलेला हवा, भोवती हवा राहिली तर तो जास्त तापतो. मसाला पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे उत्पादकानं सांगितलेले दिवस संपेपर्यंत, स्विचला हात लावायचा नाही.