ओळख की पाठांतर? पारव्यांवरील प्रयोगांची पार्श्वभूमी

मांडवीच्या दरवाज्यावर बसणारा पारवा आणि प्रयोगशाळेच्या पेटीत उजळलेल्या पडद्यावर चोच मारणारा पारवा एकाच जातीचे पक्षी आहेत. म्हणूनच बडोद्यातील आमच्या वाचनमंडळात प्राण्यांच्या बुद्धीचा विषय निघाला की चर्चा बहुधा त्याच्यावरच येते. वादाचा मुद्दा एकच असतो: पक्ष्याला चित्रातली वस्तू ओळखू येते, की त्याने चित्रे नुसती पाठ केलेली असतात?

१८९८ मधील मांजरांवरचे कोंडपेटीचे प्रयोग (बंद पेटीतून सुटण्याची युक्ती मांजरे समजून नव्हे, तर चुकतमाकत शिकतात, असे त्यांत दिसले) आणि १९०७ मध्ये बर्लिनच्या 'गणिती' घोड्याचे उकललेले रहस्य यांनी संशोधकांना सावध केले. तो घोडा आकडेमोड करीत नसून प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपत होता. ही सावधगिरी आवश्यक होती, परंतु पारव्यांच्या बाबतीत तिचा पुढे अतिरेक झाला, असे मला वाटते.

खरा वाद १९६४ च्या प्रयोगापासून सुरू होतो. पारव्यांना रंगीत पारदर्शिका (स्लाइड) दाखवण्यात आल्या. माणूस एकटा असो वा गर्दीत, झाडाआडून अर्धवट दिसत असो, तो चित्रात असेल तरच चोच मारल्यावर दाणे मिळत. पूर्वी न पाहिलेल्या चित्रांतही पक्ष्यांनी माणूस ओळखला, आणि त्यावरून त्यांच्यापाशी 'माणूस' ही संकल्पना असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. तो घाईचा होता, असे आक्षेपकांचे म्हणणे. १९८४ मध्ये त्यांच्या बाजूने भक्कम पुरावा आला: कोणतेही समान लक्षण नसलेली, केवळ यदृच्छेने दोन गटांत विभागलेली ३२० चित्रे पारव्यांनी लक्षात ठेवली आणि सुमारे दोन वर्षांनंतरही ती त्यांना आठवली. एवढी स्मरणशक्ती असेल, तर संकल्पना मानण्याची गरजच काय? तरीही केवळ स्मरणाने नवे चित्र ओळखता येत नाही. पाठ झालेल्या चित्रांशी असलेल्या साम्यावरून ते ओळखले जाते, असे म्हटले, तरी कोणते साम्य महत्त्वाचे हे पक्ष्याने कसे ठरवले, हा प्रश्न उरतोच. पाण्याखालील माशांशी पारव्याचा कधीही संबंध येत नाही, तरी १९८० च्या अभ्यासात त्याने माशांची चित्रेही वेगळी काढली होती. तेव्हा उपजत ओळखीचे स्पष्टीकरणही येथे लंगडे पडते.

१९९५ मध्ये जपानमध्ये पारव्यांनी मोने आणि पिकासो या चित्रकारांची चित्रे वेगळी केली, तीही न पाहिलेल्या चित्रांसह. सर्वांत बोलका मात्र २०१५ चा अभ्यास आहे. सूक्ष्मदर्शकाखालील स्तनाच्या उतींच्या प्रतिमांमधून कर्करोगाच्या प्रतिमा वेगळ्या करण्यात सुमारे दोन आठवड्यांच्या सरावानंतर पारव्यांची अचूकता जवळपास ८५ टक्क्यांवर गेली, आणि नव्या प्रतिमांवरही ती टिकली. स्तनाच्या क्ष-किरण चित्रांतील कॅल्शियमचे बारीक ठिपकेही (कर्करोगाची एक संभाव्य खूण) त्यांना नव्या चित्रांत ओळखता आले. गाठींच्या चित्रांवर मात्र तसे झाले नाही: सरावातील चित्रे पक्ष्यांनी हळूहळू आत्मसात केली, पण साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ यांतील भेद त्यांना नव्या चित्रांत करता आला नाही. पाठांतर आणि ओळख या दोन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच अभ्यासात वेगवेगळ्या दिसून आल्या.