जमीन विकण्यासाठी बांधलेला हत्ती : मार्गेटच्या ल्युसीची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, अटलांटिक सिटीच्या दक्षिणेला समुद्रकाठी मार्गेट नावाचे छोटे शहर आहे आणि तिथल्या वाळूच्या कडेला पासष्ट फूट उंचीचा, लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बनवलेला एक हत्ती उभा आहे. त्याला ‘ल्युसी’ म्हणतात. हा पुतळा नाही, इमारत आहे. मागच्या पायातल्या अरुंद गोल जिन्याने वर चढले की माणूस पोटातल्या दालनात येतो. डोळ्यांच्या जागी काचेच्या खिडक्या आहेत आणि दालनातून आणखी वर गेले की पाठीवरच्या अंबारीत पोचता येते. हौदा म्हणावे तर वर छत आहे, तेव्हा अंबारी हाच शब्द बरोबर. १९७० साली ही इमारत पाडली जाण्याच्या बेतात होती. ती कशी वाचली हे समजून घ्यायचे तर ती मुळात कशासाठी बांधली हे आधी पाहावे लागते, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: जमिनीचा भाव.

१८८१ साली फिलाडेल्फियाच्या जेम्स लॅफर्टी या पंचविशीतल्या तरुणाकडे या किनाऱ्यावर बरेच प्लॉट होते. या भागाला तेव्हा साउथ अटलांटिक सिटी असे भारदस्त नाव असले, तरी प्रत्यक्षात तिथे वाळूच्या टेकड्या आणि झुडपे यांच्यापलीकडे फारसे काही नव्हते, आणि भरतीच्या वेळी मधली खाडी भरली की अटलांटिक सिटीहून येणेही अवघड होई. गिऱ्हाईक जागा पाहायलाच येत नसेल तर ती विकायची कोणाला? दारात हत्ती झुलणे ही आपल्याकडे वैभवाची खूण मानतात. लॅफर्टीने दार बांधण्याच्या आधीच हत्ती आणून उभा केला. विल्यम फ्री या वास्तुशिल्पकाराकडून त्याने आराखडा करून घेतला, लोक नवल पाहायला आले की त्यांना अंबारीत नेले आणि तिथून चारी बाजूंना पसरलेले आपले प्लॉट दाखवले.

हा विक्षिप्तपणा त्याने कायद्यानेही बांधून घेतला होता. प्राण्याच्या आकाराच्या इमारतींचे सतरा वर्षांसाठीचे पेटंट त्याला ५ डिसेंबर १८८२ रोजी मिळाले. हत्तीच नव्हे, मासा किंवा पक्ष्याच्या आकाराची इमारतही त्यात धरलेली होती. सोंडेतून नळ नेऊन सांडपाणी बाहेर सोडण्याची कल्पनाही त्यात मांडलेली आहे; या माणसाला थट्टा करायची नव्हती, धंदा करायचा होता, हे त्या एका तपशिलावरून कळते. त्याच कल्पनेवरचे आणखी दोन हत्ती उभे राहिले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा याहून कितीतरी मोठा हत्ती १८९६ साली जळाला आणि केप मेजवळचा १९०० साली पाडला गेला. लॅफर्टीचा पसारा मात्र त्याला झेपला नाही आणि १८८७ साली त्याने मार्गेटचा हत्ती अँटन गर्टझेन याला विकून टाकला.

गर्टझेन कुटुंबाकडे तो ऐंशीहून अधिक वर्षे राहिला. तिकीट लावून तो दाखवला गेला, एका उन्हाळ्यात एका इंग्रज डॉक्टरच्या कुटुंबाने त्यात बिऱ्हाड थाटले, पुढे काही काळ त्यात दारूचा गुत्ताही चालला. ‘ल्युसी’ हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच घरात पडले. आशियाई हत्तिणीला बाहेर दिसतील असे लांब सुळे नसतात आणि या हत्तीला ते चांगले ठसठशीत आहेत, म्हणजे नाव चुकलेच. पण ते रुळले आणि टिकले. दरम्यान खारे वारे आणि पाऊस यांनी पत्रा गंजत गेला, लाकूड कुजत गेले, आणि साठच्या दशकात तर ही इमारत आत जाण्याजोगीही राहिली नाही.

१९६९ च्या सुमारास गर्टझेन वारसांनी जमीन बिल्डरला विकली आणि हत्ती नगरपालिकेला देऊन टाकला. एव्हाना मार्गेटचा किनारा मोलाचा झाला होता. ल्युसी हलवा नाहीतर ती पडेल, असा पेच उभा राहिला. जोसेफीन हॅरन, सिल्व्हिया कार्पेंटर आदी रहिवाशांनी ‘ल्युसी वाचवा’ समिती स्थापन केली. हाताशी सुमारे तीस दिवस होते आणि नवा पाया व वाहतूक मिळून चोवीस हजार डॉलरच्या आसपास खर्च होता. समितीच्या लोकांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली, घरी भाजलेले केक विकले. नगरपालिकेने दोन चौक पलीकडे समुद्राकाठची सार्वजनिक जागा दिली.

आणि मग हत्ती गेला नि शेपूट राहिले, तशी गत झाली. हलवण्याला अवघे काही दिवस उरले असताना नव्या जागेशेजारच्या जमिनीच्या मालकांनी न्यायालयात धाव घेतली. हा हत्ती शेजारी आला तर आमच्या मालमत्तेची किंमत उतरेल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या इमारतीचा जन्मच भोवतालच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळावे म्हणून झाला, तिच्यावर नव्वद वर्षांनी नेमका हा आरोप यावा, याहून नेमका विरोधाभास शोधून सापडणार नाही. न्यायाधीशांनी मनाईहुकूम नाकारला. २० जुलै १९७० रोजी, माणूस चंद्रावर उतरल्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, सुमारे नव्वद टनांचा हत्ती चाकांच्या गाड्यांवर चढवून रस्त्याने ओढत नेला. दोन चौकांच्या त्या प्रवासाला जवळजवळ सात तास लागले आणि बघ्यांची गर्दी दुतर्फा उभी होती.

इमारत हलली म्हणजे सावरली असे नव्हते. १९७४ मध्ये ती लोकांसाठी उघडली तरी डागडुजी अनेक वर्षे चालू राहिली. १९७६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर पाडण्याचा विषय कोणी काढला नाही. वैर उरले ते खाऱ्या हवेशी. २०२१ साली तपासणीत पत्र्याचा निम्म्याहून अधिक भाग दुरुस्तीपलीकडे गेल्याचे आढळले, तेव्हा संपूर्ण कातडेच बदलावे लागले. त्याला सुमारे चोवीस लाख डॉलर लागले, म्हणजे १९७० च्या खर्चाच्या शंभर पट. २८ डिसेंबर २०२२ रोजी ल्युसी पुन्हा उघडली. आजही पायातल्या जिन्याने लोक अंबारीत चढतात. एका बाजूला समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूला, लॅफर्टीने वाळू दाखवून विकायला काढलेल्या त्याच प्लॉटांवर, घराला घर लागलेले दिसते.